याएयामा बेटं: मुक्काम इशिगाकीलाच ठेवा
जपानमधल्या ओकिनावाच्या याएयामा बेटांवर रोज मुक्काम हलवायचा तुमचा बेत वाचला. तो बदलाच. तिथल्या बहुतेक बोटी इशिगाकी या मुख्य बेटाच्या धक्क्यावरूनच सुटतात, त्यामुळे सामान उगाच वाहावं लागेल. ताकेतोमी बेट तर बोटीने १०-१५ मिनिटांवर! तिथली वाळू तळहातावर घेऊन नीट बघा, चांदणीच्या आकाराचे कण सापडतील. ती सूक्ष्म सागरी जिवांची कवचं असतात. बघून परत किनाऱ्यावरच सोडा.

हातेरुमा बेट मात्र शेवटच्या दिवसावर ढकलू नका. वाटेत उघडा समुद्र आहे, हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की फेरी रद्द होते. समुद्र शांत दिसला की लगेच निघा. (वस्ती असलेलं जपानचं हे सर्वांत दक्षिणेकडचं बेट, योग्य मोसमात तिथून क्षितिजालगत त्रिशंकू (सदर्न क्रॉस) हा तारकासमूहही दिसतो.)