भिजवलेलं गवत आणि तरीही खोकला

‘घोड्याला गवत भिजवून दिलं तरी खोकला जात नाही, म्हणजे औषधच बदलायला हवं’ असं कुणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. भिजवणं बरोबरच आहे, पण खोकला आणणारी धूळ फक्त गवतातून येत नाही. आमच्या घोडीचंही हेच झालं होतं. फिरवायला काढली की पहिल्या पाच मिनिटांत दोन-तीनदा ठसका, मग दिवसभर शांत. गवत रोज अर्धा तास पाण्यात घालत होतो. एकदा भल्या पहाटे पागेत जाऊन उभा राहिलो तेव्हा उलगडा झाला. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा माणूस, घोडी ठाणावर (तिच्या बांधायच्या जागी) असतानाच खराटा मारत होता, शेजारच्या ठाणात कोरडा पेंढा झटकला जात होता आणि उन्हाची तिरीप आली तशी हवेत तरंगणारी धूळ नुसती दिसत होती. वर कोरड्या कोंड्याचा तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची खाण्याची पिशवी! घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, त्यामुळे तोबऱ्यातली सगळी भुकटी सरळ नाकात.

आता ती बाहेर असतानाच झाडलोट होते, धूळ बसायला अर्धा-पाऊण तास जातो, मगच ती आत येते. कोंडा ओला. आणि दावं लांब ठेवून चारा जमिनीवर, कारण मान खाली गेली की छातीतला चिकटा आपोआप वाहून येतो. उंच गव्हाणीत किंवा आखूड बांधल्यावर तो आतच साचतो. महिन्याभरात ठसका जवळपास थांबला. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र मनाने बंद करू नका.