सुट्टीने न जाणारा थकवा

या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की आठवडाभर सुट्टी घेतली, तरी कामावर परतल्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच थकवा. वाचून वाईट वाटलं. यात तुमचं काहीच चुकलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या थकव्याची, व्याख्या देताना तीन गोष्टी सांगितल्या: शक्ती संपून जाणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि हातून काही धड होत नाही असं वाटणं. सुट्टीने फार तर पहिली थोडी कमी होते.

माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी पडली ती दिवस 'बंद' करण्याची सवय. कामावरून उठण्याआधी उद्याची पहिली २ कामं कागदावर लिहायची, लॅपटॉप मिटायचा, मेलची नोटिफिकेशन्स बंद. अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं. कागदावर उतरलं की ते धरून ठेवायचं ओझं मनावर राहत नाही. अंगवळणी पडायला मला महिना लागला, तेव्हा आठवड्यात सोडून देऊ नका.

दुसरं श्वासाचं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून ४ मोजत घ्या, ६ मोजत सोडा. पाच मिनिटं पुरे. चालणं आणि झोप यांबद्दल इतरांनी लिहिलंच आहे.

पण दोघांचं काम एकट्यावर पडलं असेल, तर आधी वरिष्ठांशी बोला, कामांची यादी समोर ठेवून. आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर कृपया डॉक्टरांना भेटा.