मशिदीत टायमरवर रेकॉर्ड केलेली बांग (अजान): जोडणी, वेळा आणि मसला (धर्माचा सवाल)

मोहल्ला_कमिटी

अस्सलामु अलैकुम. दापोली तालुक्यातली छोटी मशीद, जमात शाफई (सुन्नी परंपरांपैकी एक; हनफी ही दुसरी). मुअज्जिन (बांग देणारे) दोन महिने गावी जाणार आहेत. मगरिब-इशाला (संध्याकाळी आणि रात्री) माणसे असतात. जुहर-असरला (दुपारी आणि दुपार उलटल्यावर) इमामसाहेब आणि दोन-तीन वयस्कर माणसे, बाकी सगळे मुंबईला नाहीतर आखातात. कमिटीत विचार चालू आहे की एक पेटी बसवायची: वेळ झाली की मशीन आपोआप चालू, मेमरी कार्डावरची बांग भोंग्यावर, मग मशीन बंद.

सामान असे: ६० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर, १६ ओहमची युनिटे लावलेले दोन भोंगे गच्चीवर, कम्पाउंडची भिंत भोंग्यापासून सोळा-सतरा मीटर. आवाज कमी केल्यापासून खालच्या वाडीत ऐकू जात नाही, ही दुसरी अडचण.

१) असे चालते का? आखातात आणि तुर्कस्तानात रेकॉर्डच लावतात असे काही जण म्हणतात.
२) पेटी बनवायची तर काय घ्यावे?
३) वेळा कशा भराव्यात?

किताब_आणि_किब्ला

वअलैकुम अस्सलाम. पहिला प्रश्न आधी सोडवा, म्हणजे दुसऱ्यावर किती पैसे घालायचे ते आपोआप ठरेल.

मशिदीच्या बांगेची जागा रेकॉर्ड घेऊ शकत नाही. मक्केच्या राबितातल्या (जागतिक मुस्लिम संघटनेतल्या) फिकह अकादमीने, म्हणजे धर्मनियमांच्या मंडळाने, हिजरी १४०६ मध्ये हाच ठराव केला, आणि आपल्याकडच्या दारुल इफ्तांची (फतवे देणाऱ्या संस्थांची) उत्तरेही त्याच वळणाची असतात. बांग ही इबादत आहे. देणारा मुसलमान, समजत्या वयाचा, शुद्धीवर असलेला पुरुष हवा आणि शब्द त्याच्या तोंडून त्या वेळी निघायला हवेत. कार्डात यातले काहीच नाही. म्हणूनच रेकॉर्डला शब्दागणिक जबाब देणेही (ऐकणाऱ्याने शब्द परत म्हणणे) बहुतेक उलेमा सुन्नत मानत नाहीत. मशिदीत फक्त कार्ड वाजले आणि नमाज झाली, तर नमाज होते, पण बांगेची सुन्नत सुटते.

आखात-तुर्कस्तानचे म्हणणे अर्धेच खरे आहे. तिथे बरेच ठिकाणी एका शहराची बांग एकाच जागेवरून जाते, पण ती देणारा त्या क्षणी माइकसमोर उभा असतो. तुर्कस्तानात याला मध्यवर्ती अजान म्हणतात. कैरोत २०१० च्या रमजानात सुरू झालेली योजनाही अशीच होती: स्टुडिओत एक मुअज्जिन आणि मशिदींत रिसीव्हर. त्यावरही उलेमांत वाद आहेत, पण तो मसला वेगळा. कार्डाशी त्याची गल्लत करू नका.

आता तुमचे दोन महिने. मुअज्जिन ही पगारी जागा आहे म्हणून बांग त्यांनीच द्यावी असे कुठेही नाही. हजर असलेल्या दोन-तिघांपैकी कोणीही देऊ शकतो, इमामसाहेब स्वतः देऊ शकतात, समजता मुलगा देऊ शकतो. वजू (नमाजाआधीचे हातपाय-तोंड धुणे) असणे चांगले. नसेल तर मकरूह, म्हणजे नापसंत, पण बांग होते. आवाज गोड असणे ही शर्तच नाही. शब्द बरोबर, क्रमाने आणि मध्ये मोठा खंड न पडता यायला हवेत, एवढे पाहा. वयस्कर माणसाचा दम पुरत नसेल तर माइक आहेच.

बदली माणूस हनफी वस्तीतून आणणार असाल तर आधी सांगून ठेवा: शाफई इकामतीत (नमाज उभी राहतानाच्या छोट्या पुकाऱ्यात) कलमे बहुतेक एकेकदा, एकूण अकरा, हनफीत सतरा. बांगेत शहादतची दोन्ही कलमे आधी हळू आणि मग मोठ्याने म्हणणे, म्हणजे तरजी, शाफईंत सुन्नत आहे. हनफी माणूस ती करणार नाही. त्यावरून सफेत (नमाजाच्या रांगेत) कुजबुज नको.

भोंगा_दुरुस्ती

वरचे उत्तर आल्यावर पेटीचा खर्च मी तरी करणार नाही. तरी कमिटीला घरात किंवा मदरशात वेळेची आठवण म्हणून हवी असेल तर जोडणी सांगतो. पण आधी भोंग्याचा हिशेब करा, कारण खरी गडबड तिथे आहे.

नियम २००० सालचा, ध्वनिप्रदूषणाचा. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५; शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज यापेक्षा १० ने जास्त किंवा ७५, यातला जो आकडा कमी तो. म्हणजे तुमच्या भिंतीपाशी दिवसा ६५. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंदच. परवानगी कागदावर घेऊन फाइलला लावा.

चांगला भोंगा एका वॅटला एक मीटरवर साधारण १०५ डेसिबल देतो. अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल उतरतात: २ मीटरवर ९९, ४ वर ९३, ८ वर ८७, १६ वर ८१. तुमच्या भिंतीवर ६५ हवेत, म्हणजे आणखी १६ कमी, म्हणजे एका वॅटचा चाळिसावा भाग. ६० वॅटचे मशीन त्यासाठी कुलूप घालून ठेवल्यासारखे चालवावे लागते. नॉब केसभर हलला की मीटर ७५ च्या वर. भोंगे काढा आणि कॉलम स्पीकर लावा. तो एका वॅटला ९० च्या आसपास देतो, तेव्हा १६ मीटरवर ६५ साठी पाऊण-एक वॅट लागतो आणि नॉब ताब्यात राहतो. समोर भिंत असेल तर परतलेल्या आवाजाने दोन-तीन डेसिबल वाढतात, तेवढे कमी धरा. शेवटी भिंतीशी मीटर धरून मोजा आणि नॉबवर पक्क्या रंगाने खूण करा.

माणूस देणार असेल तर माइक स्टँडवर हवा, कारण बोटे कानात असतात. डायनॅमिक माइक घ्या. तोंड माइकला चिकटवून बांग दिली की 'हय्या अलस्सलाह'ला मान उजवीकडे वळताच आवाज पडतो, आणि सगळे म्हणतात मशीन खराब. पंचवीस-तीस सेंटीमीटर मागे उभे राहा, फरक निम्म्याहून कमी होतो. बास पूर्ण उतरवा. भोंग्याच्या युनिटला खालचे सूर झेपत नाहीत, पडदा त्यानेच फाटतो. शिटी येत असेल तर माइक स्पीकरच्या मागच्या बाजूला सरकवा.

आता पेटी. डीएफप्लेअर मिनी (कार्डावरची फाइल वाजवणारी चकती), अर्दुइनो नॅनो (छोटा नियंत्रक) आणि डीएस३२३१ घड्याळाची चकती. डीएस१३०७ घेऊ नका. त्याचा साधा क्रिस्टल महिन्याला मिनिटभर सरकतो, डीएस३२३१ वर्षाला साधारण मिनिटभर. कार्ड ३२ जीबीपर्यंतचे, फॅट३२ केलेले. 'एमपी३' नावाच्या फोल्डरात फायलींना ०००१, ०००२ असे चार आकडी क्रमांक (इंग्रजी आकड्यांत) द्या, नाहीतर फायली ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजतात आणि जुहरला फजरची (पहाटेची) लागते. अर्दुइनोकडून डीएफप्लेअरच्या आरएक्स पिनला येणाऱ्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला, कुरकुर जाते. अ‍ॅम्प्लिफायर रिलेने दहा सेकंद आधी चालू करा आणि फाइल संपल्यावर पाच सेकंदांनी बंद, नाहीतर स्पीकरमध्ये धप्प आवाज.

मोबाइल ऑक्सला लावून काम भागवू नका. बांगेच्या मध्येच रिंग वाजते, नाहीतर जाहिरात.

दोन_सावल्या

वेळांचे मी सांगतो. तयार अजान घड्याळे बहुतेक आखातासाठी बनलेली असतात आणि उम्मुल कुरा या सौदी पद्धतीवर येतात. त्यात इशा म्हणजे मगरिबनंतर सरळ ९० मिनिटे, रमजानात १२०. कोकणात १८ अंशांची इशा (सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यावरची) मगरिबनंतर ७२ ते ८२ मिनिटांनी लागते. फजरही १८.५ अंशांवर, म्हणजे दोनेक मिनिटे आधी. कराची पद्धत निवडा: फजर १८, इशा १८.

असरसाठी शाफई निवडा, म्हणजे वस्तूची सावली (मध्यान्हीची सोडून) तिच्या उंचीच्या एकपट. हनफी म्हणजे दुप्पट. आपल्याकडे या दोन्हींत डिसेंबरात पाऊण तासाचा आणि जूनमध्ये सव्वा तासाचा फरक पडतो. चुकीचा पर्याय राहिला की चूक लगेच कळते, पण तोवर गावभर चर्चा झालेली असते.

शहराच्या यादीत दापोली नसेल तर मुंबई चालेल. रेखांशाचा फरक दीड मिनिटाचा. खात्रीसाठी दोन मिनिटे जोडा. नागपूर मात्र मुंबईच्या २५ मिनिटे पुढे आहे.

फजरचे एक लक्षात ठेवा. दापोलीत जानेवारीच्या अखेरीसही फजर पाच पंचावन्नच्या आसपास लागते, म्हणजे सहाच्या आतच. हिवाळ्यात बांग सहा वाजून गेल्यावर दिली तर स्पीकर वापरता येतो. बाकी वर्षभर आतल्या आत, बिनस्पीकरची.

फायली उतरवताना पूर्ण ऐका. फजरच्या फाइलीत 'अस्सलातु खैरुम मिनन नौम' दोनदा हवे आणि इतर चार फायलींत नको. इराणी फायलींत 'हय्या अला खैरिल अमल' असते, ती शिया बांग. तुर्की फायली पाच वेळांसाठी पाच मकामांत (रागांसारख्या सुरावटींत) असतात, फजरची सबा. ती वेगळी काढा. हरममधल्या (मक्का-मदिनेच्या मशिदींतल्या) रेकॉर्डिंगला घुमारा फार असतो, छोट्या स्पीकरवर शब्द एकमेकांत मिसळतात.

मोहल्ला_कमिटी

जजाकल्लाह. पेटी रद्द. जुहर इमामसाहेब देतील, असरला दोघे आळीपाळीने. भोंग्यांऐवजी एक कॉलम. खालच्या वाडीचे काय?

भोंगा_दुरुस्ती

वाडीसाठी फोन. अ‍ॅम्प्लिफायरच्या रेकॉर्ड-आउटमधून यूएसबी साउंड कार्डात, तिथून मशिदीतल्या जुन्या मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर, आणि अ‍ॅपमधून घराघरांत थेट. २०२५ मध्ये मुंबईत भोंगे उतरले तेव्हा माहीमच्या जुम्मा मशिदीसह काही मशिदींनी असेच अ‍ॅप घेतले. ज्यांना नको त्यांना त्रास नाही. एफएम ट्रान्समीटर कोणी सुचवला तर नाही म्हणा, त्याला परवाना लागतो. लाइनमध्ये घुंई आली तर दोन्ही उपकरणे एकाच सॉकेटवर घ्या. तरी राहिली तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.

नेटवरून आवाज काही सेकंद उशिरा पोचतो, कधी वीस-तीसही. इफ्तारला त्याने बिघडत नाही. सहरी बंद करायला मात्र वाडीतल्या लोकांनी त्यावर विसंबू नये, छापील वेळापत्रक दारात चिकटवा.