मावशींची एक आठवण लिहा

सर्वांना सलाम. ज्यांच्या घरी नवी मुंबईतली आपली मंडळी, म्हणजे आपला चर्चचा समाज, सुरू झाली, त्या मावशी प्रभूत निजल्या त्याला महिना झाला. दफनविधीच्या वेळी पाळकसाहेब त्यांना "मंडळीचा खांब" म्हणाले, तेव्हा माझ्या शेजारी उभी असलेली एक बाई पुटपुटली, "खांब कसला? खांब एका जागी तरी उभा राहतो." तिचं ऐकूनच हा धागा काढावासा वाटला. जे आठवेल ते लिहा, भांडणंसुद्धा चालतील. फक्त त्यांचं नाव घालू नका. दानाच्या पावतीवरही त्या "एक भगिनी" एवढंच लिहायला लावायच्या.

सुरुवात मीच करतो. वाशीपर्यंत लोकल १९९२ साली आली, ठाण्याकडून यायला २००४ उजाडलं. मधल्या काळात कोपरखैरण्याहून उपासनेला जायचं म्हणजे आधी वाशीपर्यंत बस, मग खाडी ओलांडून मानखुर्द, तिथून पुढे मुंबईतलं चर्च. दोन लहान मुलं घेऊन सकाळी सातला निघायचो, घरी यायला तीन वाजायचे. एका रविवारी पावसाने गाड्या बंद पडल्या आणि आम्ही चार कुटुंबं नवे कपडे घालून वाशी स्टेशनात अडकलो. मावशी म्हणाल्या, "माझ्याकडे चला. वरणभात टाकते. पेटी शेजाऱ्यांकडे आहे." आमच्या मंडळीची पहिली उपासना ती. प्रवचन झालंच नाही. चार भजनं, एक स्तोत्र, प्रार्थना आणि वरणभात.

ठाण्याहून, तेव्हा मूळ मंडळीच्या पंचांत होतो

नव्या मंडळीच्या मी विरोधात होतो, हे लिहायला आता हरकत नाही. ठाण्यात १८२५ साली बिशप हेबरनी अर्पण केलेलं सेंट जेम्स चर्च आहे. मुंबईत आमचं स्वतःचं जुनं चर्च. असं असताना सिडकोच्या घरात सतरंजीवर कसली मंडळी? खरी भीती दशांशाची, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्श्याच्या दानाची होती. वीस घरं गेली तर पाळकांचा पगार कुठून द्यायचा? मावशी सभेला आल्या त्या एक शाळकरी वही घेऊन. आम्ही हजर माणसं मोजायचो, त्या वहीत गैरहजर लिहिलेले होते, खाडीपलीकडे राहणारे, तारखांसकट. म्हणाल्या, "साहेब, ही माणसं तुमच्यातून जाणार नाहीत. ती कधीच गेलीत." मी चिडलो होतो. पण वहीत माझ्या सख्ख्या मेहुण्याचं नाव होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. शेवटी ठरलं की प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीसाठी, महिन्यातून एकदा पाळक पाठवायचे, बाकीचे रविवार त्यांनी आपले चालवावेत.

ऐरोली, महिला मंडळ

प्रभुभोजनाचा रस त्या घरीच करायच्या. काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. एकदा मी साखर घातली. बाईंनी सगळा ओतून दिला आणि शनिवारी रात्री दहाला मला पुन्हा मनुका आणायला पाठवलं. चार महिने मी बोलले नाही त्यांच्याशी! वेळेचंही तसंच. चाळीस वर्षं नर्सची नोकरी, त्यामुळे साडेनऊ म्हणजे साडेनऊ. खोलीत तीनच माणसं असली तरी सुरू. उशिरा येणाऱ्याने चप्पल हातात घेऊन गपचूप गॅलरीत बसायचं. मला हे आजही पटत नाही. ज्या बाईला घरचं आवरून यायचं असतं, तिला साडेनऊ कसे जमणार?

घणसोली, तेव्हाचा संडे स्कूलचा विद्यार्थी

आमचे पप्पा एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत होते. शिफ्ट सुटली की प्यायचे. उपासनेला येणं बंद झालं होतं. सोमवारी संध्याकाळी मावशी यायच्या. पप्पा मोरीत जाऊन कडी लावायचे. मावशी मम्मीशी भाजीच्या भावावर बोलत बसायच्या. कितीही वेळ लागो, उठायच्या नाहीत. मोरीत किती वेळ बसणार माणूस? पप्पा बाहेर आले की त्या पिशवीतून बीपीचं मशीन काढायच्या. "हात पुढे करा." आकडा सांगायच्या, वहीत टिपायच्या आणि निघायच्या. देवाचं नाव नाही, दारूचं नाही, रविवारचं तर नाहीच. असं सात-आठ महिने चाललं. नंतर पप्पा यायला लागले. दारू लगेच सुटली नाही, खोटं कशाला सांगू. पण मावशींनी त्यांना चपला नीट लावायचं काम दिलं होतं आणि ते त्यांनी शेवटपर्यंत केलं.

मावशी गेल्या त्या दिवशी मी ती वही मागून घेतली. पप्पांच्या पानावर नुसते बीपीचे आकडे आहेत.

वाशी

प्लॉटसाठी ट्रस्टची नोंदणी करायची होती, तेव्हा धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात मी त्यांच्याबरोबर जायचो. सिडकोचा भाडेपट्टा साठ वर्षांचा असतो असं सांगितलं तर म्हणाल्या, "मला एवढा नको, बाकीच्यांना विचार." प्लॉट अजून झालेला नाही. आपण शाळेच्या हॉलमध्येच आहोत. हॉल मिळाल्यावर पुढच्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. एकदाही बसल्या नाहीत, कायम दाराशी. मला वाटायचं नम्रपणा. नंतर कळलं की तिथून कोण आलं नाही ते दिसतं.

नेरुळ

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. पहिल्याच रविवारी साडेनऊला त्यांचा फोन. "आज सगळेच गैरहजर, म्हणून पहिल्या पानापासून सुरू केलंय." माझं आडनाव 'श'वरून, तरी माझा नंबर दुपारच्या आत लागला. झूम त्यांना कधी जमलं नाही. नातू लावून द्यायचा आणि त्या स्क्रीनला पाठ करून फोन करत बसायच्या.

कोपरखैरणे, शेजारी

नमस्कार. मी तुमच्या मंडळीतला नाही, मुलाने हे वाचून दाखवलं म्हणून त्याच्याकडून लिहून घेतोय. आम्ही साताऱ्याकडचे, मी माथाडी, मार्केटला होतो. घरात माळ आहे. पेटी आमची होती. सिस्टरनी पहिल्यांदा मागितली तेव्हा आमच्या म्हातारीने विचारलं, "तुमच्या देवाला चालंल का?" सिस्टर म्हणाल्या, "सूर बरोबर असला तर चालतं." म्हातारी हसली ती हसलीच. तेव्हापासून पेटी रविवारी तिकडे आणि एकादशीला इकडे. भाता फाटला तेव्हा खर्च निम्मा-निम्मा केला. तुमची ती मोठी निळ्या पट्ट्यांची सतरंजी सिस्टरनी आम्हाला सप्ताहासाठी दिली होती, ती आमच्याकडेच राहिलीये. धुऊन, घडी घालून ठेवलीये. रविवारी साडेनऊच्या आत कुणीतरी येऊन घेऊन जावा, नंतर मी भाजीला बाहेर पडतो.