कुंपण त्यांचं, पण कुत्रा आपला
आपला कुत्रा शेजाऱ्यांच्या मोडक्या कुंपणातून पलीकडे जात असेल तर काय करायचं, या प्रश्नावर "कुंपण शेजाऱ्यांचं, मग दुरुस्तीही त्यांनीच करावी" असं वर दोघा-तिघांनी लिहिलंय. खर्चापुरतं ते बरोबर असेलही, पण कुत्रा आपला असेल तर त्याला आवरणं आपलंच काम, कुंपण कुणाचं का असेना.

आम्ही दोन महिने मोडक्या फळ्या कुणी बदलायच्या यावर भांडलो. आणि आमची कुत्री फळ्यांमधून जातच नव्हती! एकदा नाकाला ओली माती आणि पाठीवर लांबलचक ओरखडा घेऊन आली, तेव्हा कळलं की ती खालून उकरून जाते. मग आमच्याच बाजूने जाड तारेची जाळी काटकोनात वाकवून बसवली. एक बाजू कुंपणालगत उभी, दुसरी दीडेक फूट आत जमिनीवर आडवी, वर चार बोटं माती. त्यांच्या फळ्यांना एक खिळाही मारला नाही, आपल्या हद्दीत खुंट्या ठोकल्या. कुत्रं सहसा कुंपणाला चिकटूनच उकरतं, मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. जाळीची कापलेली टोकं मात्र खाली वळवून घ्या, नाहीतर पंजे फाटतात. फळ्यांचं बोलणं अजून चालूच आहे, पण आता आवाज न चढवता.