चर्चेचा धागा: सरकारचं काम नोकरी देणं की कामाची हमी देणं?

बांधबंदिस्ती

बेरोजगारीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन बाजू लगेच ठरतात. एक म्हणते भरती काढा, दुसरी म्हणते नोकऱ्या देणं सरकारचं कामच नाही. महाराष्ट्रात बसून आपण हे दोनच पर्याय धरून भांडतो याचं मला वाईट वाटतं, कारण तिसरी वाट याच राज्यानं पाडली होती.

१९७२ चा दुष्काळ आठवा, किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर राज्यात जवळपास ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना त्याआधीच, साठच्या दशकात, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात करून पाहिली होती. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातल्या ज्या प्रौढ माणसाची अंगमेहनत करायची तयारी आहे, त्यानं मागितलं की काम देणं सरकारवर बंधनकारक झालं. शिक्षण किती, जमीन किती, हे विचारायचं नाही. केंद्राला असा कायदा करायला २००५ उजाडलं.

पैसा कुठून आला? व्यवसाय करातून. पगारातून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, तो हाच कर, १९७५ च्या कायद्याचा. जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्यानं स्वतःची घालायची असं ठरलं. शहरातल्या पगारदारानं गावातल्या रिकाम्या हातासाठी पैसे द्यायचे, हे तेव्हाच्या विधिमंडळानं उघडपणे मान्य केलं होतं. मला ही आपल्या राज्याची फार मोठी कमाई वाटते.

म्हणून माझं म्हणणं असं: सरकारनं किती पदं भरली यावरून त्याला गुण देऊ नका. काम मागणाऱ्याला किती दिवसांत काम मिळालं, त्यावरून द्या. आणि ही हमी आता शहरात आणि शिकलेल्या मुलांपर्यंत आली पाहिजे.

लेथ

इतिहासाबद्दल वाद नाही, निष्कर्षाबद्दल आहे. माझं लहान वर्कशॉप आहे, एमआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत. हमीच्या कामातून त्या महिन्याची चूल पेटते हे खरं, पण हाताला कसब येत नाही. दहा वर्षं माती उचललेला माणूस अकराव्या वर्षीही माती उचलणाराच राहतो. माझ्याकडे आलेला आयटीआयचा पोरगा तीन वर्षांत सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) लावायला शिकतो आणि त्याला बाहेर कुठेही काम मिळतं. रोजगार याला म्हणावं.

सरकारनं काही करू नये असं मी म्हणत नाही. एमआयडीसी सरकारनंच १९६२ मध्ये उभी केली. प्लॉट, रस्ता, पाणी, वीज एका ठिकाणी मिळाली म्हणून माझ्यासारखा भांडवल नसलेला माणूस धंद्यात शिरू शकला. सरकारनं तिथे एकाही माणसाला हजेरीवर घेतलं नाही, तरी लाखो हातांना काम मिळालं.

आज माझी अडचण साधी आहे. लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत चुकतं करायचं, असं २००६ चा कायदा सांगतो. माझी बिलं आठ-आठ महिने अडकतात, आणि त्यातलं सर्वात जुनं येणं एका सरकारी कामाच्या कंत्राटदाराकडे आहे. त्याला विचारलं की तो म्हणतो, वरून निधी आला नाही. हे पैसे वेळेवर आले असते तर दोन माणसं मी आजच वाढवली असती. ना योजना लागली असती, ना मंजुरी. सरकारनं आधी स्वतःची देणी द्यावीत, मग हमीच्या गोष्टी कराव्यात.

पूर्वा_म

लेथकाका, तुमच्या वर्कशॉपमध्ये किती मुली आहेत?

राग नाही, खरंच विचारतेय. आमच्याकडे पदवी झालेली मुलगी दोनच गोष्टी करू शकते असं घरचे मानतात, लग्न किंवा सरकारी परीक्षा. परीक्षेच्या निमित्तानं तिला घराबाहेर राहता येतं. सगळे सरकारी नोकरीच्या मागे का लागतात असं कुणी म्हटलं की त्यात आमची ही बाजू कधीच धरलेली नसते.

२०२३ ची तलाठी भरती घ्या. ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. परीक्षा शुल्क खुल्या गटाला १,००० आणि राखीव गटाला ९०० रुपये. गुणाकार तुम्हीच करा. ज्यांच्याकडे काम नाही त्यांच्याकडून शंभर कोटींच्या आसपास रक्कम गोळा होते आणि नोकरी लागते हजारात चार-पाच जणांना.

तरीही मी भरतीच्याच बाजूनं आहे. पद रिक्त असतं तेव्हा ते काम कुठे नाहीसं होत नाही. एक तलाठी तीन सजे (गावांचे गट) सांभाळतो, एक शिक्षक दोन वर्ग घेतो, आरोग्य केंद्रात नर्सला रात्रपाळीनंतर दिवसपाळी पडते. मंजूर पदं भरणं म्हणजे उपकार नव्हे, ते नागरिकांचं थकलेलं देणं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर निघाला आणि मुलं रस्त्यावर आल्यावर ऑक्टोबरमध्ये रद्द झाला. २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, मुदत सुरुवातीला सहा महिन्यांची. ती वाढवावी म्हणून प्रशिक्षणार्थींना आंदोलन करावं लागलं. हमी हमी म्हणता ती अशीच तुटक असणार असेल तर मला ती नको. मला पद हवं.

आडवळण

पूर्वा यांचा त्रास खरा आहे, पण पद भरलं की पुढची तीस वर्षं पगार आणि त्यानंतर पेन्शन. तो खर्च ज्यांना नोकरी लागलीच नाही त्यांच्याही खिशातून जातो. हजारातल्या पाच जणांसाठी उरलेल्या ९९५ जणांनी किती भार उचलायचा, याचं उत्तर भरतीच्या बाजूनं कुणी देत नाही.

बांधबंदिस्ती यांच्यासाठी एक मुद्दा. व्यवसाय कराचं तुम्ही कौतुक केलंत. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार हा कर माणशी वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपयेच घेता येतो आणि ही मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीपासून तशीच आहे. तेव्हा २,५०० म्हणजे भल्या नोकरदाराचा महिन्याचा पगार होता. त्या पैशावर शहरात हमी देणार कशी? गावातलीच धड पेलत नाही.

शिवाय बेरोजगारी इतकी हाताबाहेर गेली आहे का? केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात २०१७-१८ मध्ये दर ६.१ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के.

हजेरीपट

मी रोजगार हमीच्या कामांवर मस्टर, म्हणजे हजेरीपत्रकं, लिहिलेली आहेत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी आडवळण यांच्या आकड्याबद्दल. त्या सर्वेक्षणात वर्षातून ३० दिवस जोडकाम केलेला माणूसही काम असलेला धरतात. घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी मदत करणाराही काम असलेलाच. धाकटा भाऊ थोरल्याच्या दोन एकरांत उभा राहिला की तो बेरोजगार उरत नाही. ऊसतोडीची आगाऊ उचल घेऊन कोयत्यावर सहा महिने जाणारं जोडपं परत आल्यावर घरी बसून असलं, तरी ते बेरोजगार नाही. म्हणून दर खाली आला याचा अर्थ लोकांना धड काम मिळालं असा घेऊ नका. त्या दोघांना विचारा, ते रोज काम मागतील.

आता धागाकर्त्याबद्दल, म्हणजे बांधबंदिस्ती यांच्याबद्दल. तुम्ही योजना जशी कायद्यात आहे तशी सांगितलीत, जमिनीवर ती तशी कधीच नव्हती. मस्टरवर मेलेल्या माणसांची नावं असायची. मुकादम हजेरीमागे कापून घ्यायचा. अवजारं गंजलेली, पाळणाघर कागदावर. आणि मुख्य गोष्ट: १९८८ मध्ये मजुरी किमान वेतनाइतकी वाढली, त्यानंतर कामावरच्या माणसांची संख्या घसरली. गरज संपली म्हणून नव्हे. दर वाढला की तेवढ्याच पैशात कमी माणसं बसतात, म्हणून नवी कामंच उघडली जात नव्हती. काम मागायचा हक्क कायद्यात होता, पण काम उघडायचं की नाही हे तहसीलच्या हातात होतं. लोक अर्जाची पोचपावती मागायचे आणि आम्हाला ती देऊ नका असं तोंडी सांगितलेलं असायचं, कारण पावती दिली की काम द्यायची पंधरा दिवसांची मुदत सुरू होते.

एवढं सगळं बघूनही मी या योजनेच्या विरोधात जाऊ शकत नाही. बाई आणि बाप्या यांना एकाच कामाची एकच मजुरी, हे आमच्या भागात पहिल्यांदा या कामावर दिसलं. शेतावर बाईला निम्मा दर देणारे शेतकरी आमच्यावर चिडायचे, माणसं मिळत नाहीत म्हणायचे. मिळत होती, फक्त निम्म्या दरात मिळत नव्हती. लेथ म्हणतात कसब येत नाही. बरोबर. पण जिचा नवरा सोडून गेला आहे आणि जिला बांध सोडून दुसरीकडे जाता येत नाही, तिला आधी कुणाच्या पाया न पडता मागता येईल असं काम हवं असतं. त्या हक्कानं गावात बोलण्याची रीत बदलली. मी ती बदलताना पाहिली आहे.

आणि काम फक्त मातीचंच राहिलं असंही नाही. १९९० पासून फळबाग लागवड या योजनेला जोडली. खड्डे, रोपं, पाणी यांची मजुरी शेतकऱ्याला स्वतःच्या रानात मिळाली आणि कोकणात आंबा-काजू, कोरडवाहू भागात बोर-डाळिंब उभं राहिलं. हिवरे बाजार या गावानं हमीच्या कामातून पाणलोट केला आणि बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. काम नीट निवडलं की मजुरी संपल्यावरही रोजगार राहतो. आपल्याकडे निवड नीट झाली अशी गावं मोजकी आहेत, हे मात्र मान्य करावं लागेल.

लेथ

हजेरीपट, फळबागेचा मुद्दा मला पटला. तिथे शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालमत्तेत भर पडली, म्हणून ती टिकली. मग शहरात तसंच का नको? नवीन मुलाच्या पहिल्या वर्षाच्या पगारातला काही भाग सरकारनं द्यावा, बाकी मी देतो. तो माझ्याकडे शिकेल, मी त्याला सोडणार नाही.

पूर्वा, माझ्याकडे एकही मुलगी नाही. जाहिरातीत मी कधी तसं लिहिलं नाही, पण आमच्या रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर ना दिवा ना बस. तो दिवा आणि बससुद्धा रोजगाराचंच धोरण आहे, हे मी कलेक्टर कचेरीतल्या बैठकीत मांडलं होतं. कुणी लिहून घेतलं नाही.

पूर्वा_म

पहिल्या वर्षाचा पगार सरकारनं दिला आणि तेराव्या महिन्यात तुम्ही दुसरा मुलगा आणलात तर? तुम्ही आणणार नाही, पण शेजारचा आणेल. त्या युवा प्रशिक्षण योजनेत नेमकं हेच होतं. आस्थापनेला फुकटचं मनुष्यबळ मिळतं आणि मुलाला एक प्रमाणपत्र.

बांधबंदिस्ती

हजेरीपट यांनी जे सांगितलं त्यातली पोचपावतीची गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. कायद्यात कितीही काही लिहिलं तरी पावती मिळाली नाही तर हमी नाही. शहरी हमीच्या कोणत्याही योजनेत माझी पहिली अट हीच राहील: अर्ज घेतला की तारखेची पावती, आणि मुदतीत काम नाही दिलं तर भत्ता आपोआप खात्यात.

शहरात हे जमतच नाही असं नाही. केरळनं समाजसुधारक अय्यंकाळी यांच्या नावानं २०१० मध्ये शहरी रोजगार हमी सुरू केली, राजस्थाननं २०२२ मध्ये केली. दोन्ही लहान आहेत, पण सुरुवात आहे. आडवळण, व्यवसाय कराची मर्यादा हा खरोखरच अडसर आहे आणि ती वाढवायला घटनादुरुस्ती लागेल. पण निधीचा तोच एक मार्ग धरून बसायचं कारण नाही. उद्योगांना देतो ती प्रोत्साहन रक्कम गुंतवणुकीच्या आकड्यावर न देता टिकलेल्या नोकऱ्यांवर द्यावी. लेथ यांना पगारातला वाटा मिळावा, पण दोन हप्त्यांत: अर्धा रुजू होताना, अर्धा तो मुलगा किंवा मुलगी दोन वर्षांनी कामावर असल्याचं भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत दिसल्यावर. पूर्वा यांनी सांगितलेली पळवाट यानं बरीच बंद होते.

भरतीबद्दल मात्र माझं मत पूर्वा यांच्या बोलण्यानं बदललं नाही. रिक्त पदं भराच, सेवा मिळावी म्हणून भरा. पण तो बेरोजगारीवरचा उपाय आहे असं दहा लाख मुलांना सांगत राहणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांची वयाची पंचविशी-तिशी त्यात जाते.

आडवळण

दोन वर्षांनी मिळणारा हप्ता वेळेवर देणार कोण? तेच सरकार ना, ज्याच्या कामाची बिलं लेथना आठ महिने मिळत नाहीत?

लेथ

हा प्रश्न मीच विचारणार होतो. भत्ता जसा आपोआप खात्यात जमा व्हावा म्हणताय, तसं उशिरा दिलेल्या बिलाचं व्याजही आपोआप जमा व्हावं. कायद्यात व्याजाची तरतूद आहे, पण मागायला गेलं की पुढची ऑर्डर जाते. ते मागावं लागू नये एवढं करा, मी पहिल्याच महिन्यात दोन अर्ज घ्यायला तयार आहे. त्यातला एक मुलीचा असेल, रस्त्यावर दिवा लागला तर.