एका रात्रीत तीन आवृत्त्या: छोट्या प्रोजेक्टचं रिलीज तुम्ही कसं काढता?

रातकिडा:

मंडळी, सीएसव्ही फायली (स्वल्पविरामांनी तोडलेले साधे तक्ते) तपासणारं एक छोटं पायथन टूल मी सहा वर्षं सांभाळतोय. रकाने कमी-जास्त झालेत का, तारखा उलटसुलट आहेत का, असली हमाली ते करतं. नेमाने काम करणारे आम्ही तिघं, अधूनमधून पॅच, म्हणजे कोडमधल्या छोट्या दुरुस्त्या, पाठवणारे वीसेक. कोड लिहायला मजा येते, पुल रिक्वेस्ट (माझा बदल आत घ्या, अशी विनंती) तपासायचाही कंटाळा नाही. रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती लोकांसाठी बाहेर काढणं, म्हटलं की मात्र पोटात गोळा येतो. म्हणून मी ते पुढे ढकलत राहतो आणि मग पाच महिन्यांचं साठलेलं एकदम बाहेर काढतो.

गेल्या शुक्रवारी तेच झालं. रात्री साडेअकराला २.४.० काढलं. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. पावणेबाराला पहिला इश्यू, म्हणजे तक्रार: इन्स्टॉल होतं, पण चालवलं की लगेच कोसळतं, फाइल सापडत नाही म्हणतं. तारखांचे नमुने आम्ही यावेळी वेगळ्या जेसन फायलीत (साध्या मजकुरातली डेटाची फाइल) हलवले होते आणि ती फाइल पॅकेजमध्ये गेलीच नव्हती. रिपॉझिटरीत, म्हणजे आमच्या कोडच्या कोठारात, होती, म्हणून टेस्टना सापडत होती! घाबरून मी पायपीआयवरून (लोक पायथनची पॅकेजेस उतरवतात ती साइट) २.४.० उडवलं, फाइल घातली, टॅग (कोडवर लावलेली आवृत्तीची खूण) नव्या कमिटवर, म्हणजे नव्याने नोंदवलेल्या बदलावर, सरकवला आणि परत चढवायला गेलो. नकार. एकदा वापरलेलं फाइलनाव तिथे पुन्हा वापरता येत नाही, जुनी फाइल डिलीट केली तरी. सहा वर्षांत हे मला माहीत नव्हतं, काय सांगू.

मग २.४.१. त्यात जेसन होती, पण आवृत्तीचा आकडा आमच्याकडे दोन ठिकाणी लिहिलेला. एकीकडे बदलला, दुसरीकडे राहिला, त्यामुळे टूल स्वतःला २.४.० म्हणवून घेत होतं. मग २.४.२. झोपायला पावणेतीन वाजले.

याहून जास्त बोचलं ते वेगळंच. एकाने पाच महिन्यांपूर्वी अगदी नेटकी दुरुस्ती पाठवली होती, मी दोन दिवसांत मर्जही केली, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतली. त्याने मध्ये तीनदा विचारलं, रिलीज कधी? शेवटी त्याने आमच्या टूलची स्वतःची प्रत काढून तीच वापरायला सुरुवात केली. त्यानंतर त्याचा पॅच आलेला नाही.

तर विचारायचं हे: तारीख ठरवून काढता की काम झालं की? आणि शेवटच्या त्या दोन तासांचं काय करता?

गाठोडेवाला:

मी एका लिनक्स डिस्ट्रिब्युशनसाठी (लिनक्स आणि सोबतची सॉफ्टवेअर एकत्र देणारा संच) पॅकेजेस बांधतो, म्हणजे तुमच्या रिलीजच्या पलीकडच्या टोकाला बसलेला माणूस. तुम्ही "टॅग सरकवला" हे ओझरतं लिहून पुढे गेलात. मी तिथेच अडकलो.

आमच्याकडे काय होतं ते सांगतो. नवा टॅग दिसला की बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) त्याचा टारबॉल, म्हणजे कोडचं गाठोडं, उतरवतो, चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकडा) काढतो आणि तो आकडा पॅकेजच्या रेसिपीत कायमचा लिहिला जातो. तासाभराने तुम्ही टॅग सरकवलात की त्याच नावाचा टारबॉल वेगळा येतो, चेकसम जुळत नाही आणि बिल्ड लाल. त्या क्षणी मला काय वाटतं? "बिचाऱ्याची फाइल राहिली असेल" असं नाही वाटत. वाटतं, कुणीतरी मध्ये हात घातलाय. मग दोन्ही टारबॉल उघडून ओळ न् ओळ डिफ, म्हणजे फरक, बघायचा. ज्यांनी आधीच फेच केलंय, म्हणजे कोड उतरवून घेतलाय, त्यांच्या मशीनवर तर जुना टॅगच राहतो, गिट (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) तो आपणहून बदलत नाही. म्हणजे २.४.० नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी जगात फिरत राहतात.

हा संशय उगाच नाही. २०२४ मधलं एक्सझेडचं (फायली दाबून लहान करणारं टूल) प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये एक बिल्ड स्क्रिप्ट अशी होती की ती गिटमध्ये नव्हतीच, आणि तिनेच टेस्ट फायलींत दडवलेलं मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) उघडलं. एसएसएचने दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून एक जण खोदत गेला, तेव्हा ते सापडलं. तेव्हापासून गिट आणि टारबॉल यांच्यात फरक दिसला की आमचे कान टवकारतात.

त्यामुळे हात जोडून विनंती: एकदा बाहेर गेलेला टॅग मेला तरी हलवायचा नाही. आकडे फुकट आहेत, २.४.१ काढा, २.४.९ काढा, आम्हाला काही वाटत नाही. आणि बिघडलेली आवृत्ती पायपीआयवरून उडवू नका, यँक करा. यँक केलं की पिप (पायथनची पॅकेजेस इन्स्टॉल करणारं टूल) ती नव्याने कुणाला देत नाही, पण ज्यांनी नेमका तोच आकडा लिहून ठेवलाय त्यांचं बिल्ड मोडत नाही.

पहिला_मंगळवार:

गाठोडेवाल्यांना +१, म्हणजे माझंही तेच मत.

राव, तुमची खरी चूक शुक्रवारी रात्रीची नाही, पाच महिन्यांची आहे. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी काढतो, जे मेन ब्रांचवर, म्हणजे मुख्य कोडमध्ये, असेल ते. काहीच नसेल तर नाही काढत. तारीख ठरली की भांडणच संपतं. पूर्वी प्रत्येक जण म्हणायचा, माझं एवढं घ्या, उद्या देतो. कारण यावेळी राहिलं तर पुढचं कधी ते देवाला ठाऊक. आता राहिलं तर चार आठवड्यांनी. लिनक्स कर्नलचं (लिनक्सचा गाभा) तसंच चालतं: दोन आठवडे नवीन गोष्टी आत घेतात, मग दर आठवड्याला एक आरसी (रिलीजआधीची चाचणी आवृत्ती), सातव्या-आठव्या आरसीनंतर रिलीज. चुकलात तर पुढच्या नऊ-दहा आठवड्यांच्या फेरीत या. कुणी गयावया करत नाही (करतात, पण उपयोग होत नाही).

शेवटच्या दोन तासांचं म्हणाल तर तुमच्या टेस्ट हिरव्या होत्या हे खरंच, पण त्यांनी तपासलं काय? तुमचं फोल्डर. लोकांना मिळणार होती व्हील फाइल (पायथनचं तयार पॅकेज), ती कुणी उघडलीच नाही. आमच्याकडे सीआय (बदल आपोआप बांधून तपासणारा सर्व्हर) आधी व्हील बांधतो, मग रिकाम्या फोल्डरमध्ये पायथनचं कोरं एन्व्हायर्नमेंट करून तीच व्हील इन्स्टॉल करतो आणि टूल एकदा चालवून बघतो. पास झाली तर तीच फाइल वर जाते, पुन्हा बांधत नाही. सगळा कोड एसआरसी नावाच्या फोल्डरमध्ये हलवा, म्हणजे टेस्ट चुकूनही शेजारच्या फायली उचलणार नाहीत.

अपाची फाउंडेशनमध्ये (बरेच मुक्त सॉफ्टवेअर प्रोजेक्ट सांभाळणारी संस्था) रिलीजवर मतदान होतं, किमान तीन +१ लागतात आणि साधारण ७२ तास मत द्यायला मिळतात. आपण इथे देतो तसला फुकटचा +१ नव्हे. मत देणाऱ्याने सोर्सचं पॅकेज स्वतःच्या मशीनवर उतरवून, सही तपासून, बांधून बघायचं असतं. तुम्हा तिघांना मतदान नको, पण दुसऱ्या कुणीतरी पॅकेज उतरवून बघणं परवडेल.

आणि चढवायचा टोकन, म्हणजे गुप्त किल्ली, फक्त तुमच्या लॅपटॉपवर असणार, बरोबर ना? पायपीआयवर २०२३ पासून ट्रस्टेड पब्लिशिंग आहे. सीआयला त्या वेळेपुरता टोकन मिळतो, कुठे काही साठवावं लागत नाही. मग उरलेल्या दोघांपैकी कुणीही टॅग टाकला की काम झालं. रात्री तुम्हीच जागायला हवं असं नाही.

झालं_की_काढू:

तारखेचं एवढं कौतुक नको. उबुंटू या लिनक्स डिस्ट्रिब्युशनच्या आवृत्तीचा आकडा म्हणजेच वर्ष आणि महिना, तरी २००६ मध्ये ६.०४ व्हायचं ते जूनपर्यंत लांबलं आणि ६.०६ झालं. डेबियन, तेही तसंच डिस्ट्रिब्युशन, तर आधी टप्प्याटप्प्याने फ्रीझ करतं, म्हणजे नवे बदल घेणं थांबवतं, आणि रिलीज अडवणारे बग निपटले की मगच काढतं. जग चाललंय. आमच्या प्रोजेक्टवर मी एकटा आहे, घरात लहान मूल आहे. पहिला मंगळवार म्हणजे माझ्यासाठी महिन्याचा नवा अपराधीपणा. मी एकच नियम पाळतो: कुणाचा बग दुरुस्त करून मर्ज केला की त्याच आठवड्यात शेवटचा आकडा वाढवून बाहेर. नवीन गोष्टी सावकाश.

बाकी, चेंजलॉगबद्दल (आवृत्तीत काय बदललं त्याची यादी) कुणी बोललं नाही. कमिट मेसेज ओतून ठेवू नका. "नल चेक टाकला" हे वाचून वापरणाऱ्याने काय करायचं? "तारीख रिकामी असली की टूल बंद पडायचं, आता ती ओळ वगळून पुढे जातं" असं लिहा. आणि ती ओळ पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यालाच लिहायला लावा, त्याला आठवत असतं तेव्हाच. पाच महिन्यांनी तुम्ही काय आठवणार, कपाळ?

रातकिडा:

सगळ्यांचे आभार, आणि गाठोडेवाले, टॅगबद्दल माफी. माझ्या डोक्यात टॅग म्हणजे माझी खूण एवढंच होतं. पलीकडे कुणी चेकसम लिहून ठेवतं हे डोक्यातच आलं नाही.

महिन्याभरात जे केलं ते सांगतो. आवृत्तीचा आकडा हाताने लिहिणं बंद, तो आता टॅगवरूनच उचलला जातो. चेंजलॉगची ओळ नसेल तर सीआय मर्जच करू देत नाही. यावर एकाची कुरकुर झाली, मग त्यानेच सगळ्यात चांगली ओळ लिहिली. दर महिन्याची तारीख मला झेपेल असं वाटत नाही, म्हणून दोन महिन्यांनी एकदा ठेवलीय, बग दुरुस्ती मात्र त्याच आठवड्यात. दोन्ही पक्षांनी रागावू नये.

काल दुपारी, हो दुपारी, २.५.० काढलं. टॅग माझ्या सहकारिणीने टाकला, मी नुसता बघत बसलो. तिने आदल्या दिवशी व्हील उतरवून रिकाम्या फोल्डरमध्ये चालवली तेव्हा कळलं की पोर्तुगीज महिन्यांच्या नावांची फाइल आत नाहीये. परत तेच! पण यावेळी जगाच्या आधी आम्हाला कळलं. ज्याने स्वतःची प्रत काढली होती त्यालाही कळवलंय. अजून उत्तर नाही.

गाठोडेवाला:

२.५.० आमच्याकडे बांधून झालं. चेकसम जुळला. मॅन पेजवर (टूलचं माहितीपान) अजून २.३ लिहिलंय, त्याचा इश्यू टाकलाय.